डाग न पडणारं तेल

मित्रांनो, मी एका मालट्रकचा जुना मागचा एक्सल आहे. खरं तर 'होतो' म्हणायला हवं, पण अजून जीभ वळत नाही. कशेळीच्या गोदामांपुढून तुम्ही शाळेत जाता, तेव्हा एका फाटकावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लांब आडवा दांडा दिसतो ना? त्या दांड्याच्या शेपटाला तारेने करकचून बांधलेला काळा, फुगीर लोखंडी गोळा म्हणजे मी. गाडी आली की राखणदार मला खाली दाबतो आणि दांडा वर जातो. गाडी आत गेली की मी वर, दांडा खाली. एके काळी भरलेला ट्रक पुढे ढकलत होतो, आता दिवसभर उठाबशा काढतो. परवा तुमच्यातल्या कोणीतरी मला कलिंगड म्हटलं. चालायचंच.

त्या राखणदाराचं नाव पंढरी. माझं आयुष्य सांगायचं तर त्याचंच सांगावं लागतं, म्हणून त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्या. निळा गणवेश त्याला खांद्यात ढिला होतो. शिट्टी गळ्यात असते, पण तो ती वाजवत नाही. ज्या जागेवर तो खुर्ची टाकून बसतो, तिथे त्याच्या बापाची भातखाचरं होती.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तापवलं, ठोकलं, कातलं आणि माझ्या पोटात दोन दातेरी चाकं बसवली. एक मोठं, परातीएवढं, त्याला सगळे क्राउन म्हणतात. दुसरं लहान, त्याचं नाव पिनियन. इंजिनाचा जोर लांब दांड्यावरून मागे येतो, पिनियन फिरतं, ते क्राउनला फिरवतं आणि तो जोर माझ्या दोन्ही हातांतून चाकांपर्यंत पोचतो. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या दोघांचे दात नुसते एकमेकांत अडकत नाहीत, ते एकमेकांवर घासत सरकतात, आणि तेही पाठीवर सगळा माल असताना. साधं तेल त्या दाबाखाली पिळून बाजूला पळतं. मग लोखंड लोखंडाला सोलतं.

म्हणून आमचं तेल वेगळं. दुकानात त्याला नव्वद नंबर, एकशेचाळीस नंबर असं म्हणतात, पण नंबर फक्त जाडी सांगतो. खरी गोष्ट असते ती त्यात घातलेल्या औषधाची. त्यात गंधक असतं. दाब आला, ऊब आली, की ते औषध दातांवर कातडीसारखं चिकटून बसतं आणि त्यांना सोलू देत नाही. वास मात्र असा की विचारू नका. कुजक्या अंड्याची आठवण यावी. कारखान्यात पहिल्यांदा ते माझ्या पोटात ओतलं तेव्हा ओतणाऱ्यानेसुद्धा तोंड फिरवलं होतं. मला विचाराल तर तो वास मला आईच्या पदराच्या वासासारखा आहे.

दोन हजार सालाच्या आसपास मी ट्रकखाली बसून भिवंडीला, या कशेळीत आलो. तेव्हा खाडीकाठची शेतं एकामागून एक गोदामांखाली जात होती. पंढरीचं शेतही गेलं, आणि त्याच्या मोबदल्यातून त्याने हा ट्रक घेतला. गोदामवाल्यांनी गावात सांगितलं होतं, ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांच्या घरटी एकाला फाटकावर नोकरी मिळेल. बरेच जण गेले. पंढरीने ट्रकला हार घालताना चारचौघांत सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"माज्या बापानं जिथं भात लावला, तिथं काठी घेऊन लोकांच्या मालाला सलाम ठोकायला मी न्हाय जानार. यी गाडी हाय तवर मी माजा मालक."

त्याची बायको हौसा हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिने मान डोलावली आणि माझ्याजवळ आल्यावर नाकाला पदर लावला.

मित्रांनो, ती वर्षं चांगली होती. नारपोलीच्या यंत्रमागांवरून ग्रे घ्यायचं, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड, आणि ते गोदामात किंवा थेट मुंबईच्या पेढ्यांवर पोचवायचं. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. कशेळीच्या पुलावर गाड्यांची ही रांग. तरी मी कधी कुरकुरलो नाही, कारण पंढरी मला जपत होता. फेरी संपली की तो चाकामागे वाकायचा आणि तळहात माझ्या पोटावर ठेवायचा. ऊब ठीक आहे का बघायचा. आई तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवते तसा.

तेल आणायला तो दुसऱ्या कुणाला पाठवत नसे. अंजूरफाट्याच्या दुकानदाराने एकदा त्याच्या हातात भलताच डबा ठेवला आणि म्हणाला, "नव्वदच आहे ना, घेऊन जा." पंढरीने झाकण उघडलं, हुंगलं, बोटांत चोळलं आणि डबा परत सरकवला.

"यो गिअरबॉक्सचा हाय. मना मागच्याचा दे. नाकात झोंबला पायजे."

घरी गेला की हौसा ओरडायची, "अवो, आदी हात धुवा. भाकरीला वास लागतंय." तो साबणाने हात धुवायचा, पुन्हा धुवायचा, तरी वास राहायचाच. मग तो हसून म्हणायचा, "यो वास हाय म्हनून भाकर हाय." हौसा रागावल्याचं सोंग करून त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची. माझं कौतुक म्हणाल तर एवढंच. पण मला ते पुरत होतं.

मग ते गठ्ठ्याचं झालं.

हौसाचा भाऊ काळूराम नारपोलीत माग चालवत असे. भला माणूस. बहिणीवर जीव, आणि दाजींच्या गाडीशिवाय दुसऱ्या कुणाच्या गाडीत माल भरत नसे. एका पावसाळ्यात पिनियनजवळचं माझं रबरी सील झिजलं आणि तेल थेंब थेंब खाली गळायला लागलं. पंढरी ते बदलणारच होता. त्याआधी गोदामावर माल उतरवताना एक गठ्ठा हमालांच्या हातून सुटला, घरंगळत गाडीखाली गेला आणि नेमका माझ्या थेंबांच्या डबक्यात जाऊन थांबला. वरचे तागे काळे-पिवळे झाले. माल घेणाऱ्या शेठने तो एकच गठ्ठा परत पाठवला असता तर निभावलं असतं. त्याने सगळाच माल परत पाठवला.

काळूराम आला तो रागाने डागाळलेला तागा पुढे नाचवत आला. "दाजी, ग्रेवर डाग म्हंजे माजी अब्रू गेली. आता कोन मना आर्डर देल?"

पंढरीने माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी नवं सील बसवलं. खरं तर गोष्ट तिथेच संपायला हवी होती, कारण दोष सीलचा होता आणि सील नवं झालं होतं. पण काळूरामच्या मनातून तो डाग जाईना. त्याने माल दुसऱ्या गाड्यांत भरायला सुरुवात केली. त्याचं बघून शेजारचे मागवालेही पंढरीला टाळू लागले. गणपतीला तो दरवर्षी बहिणीकडे यायचा, त्या वर्षी आला नाही.

एकदा हौसा गाडीच्या सावलीत मासळी साफ करताना पंढरीला म्हणाली, "भाऊबीजंला मी ताट कोनापुढं धरू?" मी तिथेच होतो. संध्याकाळच्या आत पंढरी नारपोलीला गेला आणि मलाही बरोबर घेऊन गेला.

आता मित्रांनो, भिवंडीची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. इथे मागाला घालायचं तेल पारखायची एक पद्धत आहे. ग्रेच्या तुकड्यावर तेलाचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचं, साबणाने धुवायचा. डाग गेला तर तेल चांगलं, राहिला तर दुकानदाराच्या तोंडावर परत. मागासाठी ही पारख अगदी बरोबर आहे, कारण मागावरचं तेल कापडावर उडतंच. इथल्या माणसांची पिढ्यान् पिढ्या हीच पारख. त्यामुळे तेल चांगलं की वाईट हे कापडच सांगतं, असं त्यांच्या हाडात मुरलेलं आहे.

काळूरामने मागाच्या खोलीबाहेर बादली ठेवली, कापडाचा तुकडा पसरला आणि दोन थेंब टाकले. एक माझ्या तेलाचा, एक त्याच्या मागाच्या तेलाचा. मागाचं तेल पाण्यासारखं पातळ, स्वच्छ, वास नाही, काही नाही. माग थांबवून माणसं बघायला जमली. काळूरामने तुकडा धुतला, पिळला आणि उन्हात धरला. त्याचा थेंब कुठे पडला होता ते शोधूनही सापडेना. माझा थेंब होता तिथेच, मधासारखा पिवळा, बसलेला.

"बगा दाजी. कापूस खोटा न्हाय बोलत," काळूराम म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता. तो समजावत होता. "मी तुमाला डबाच देतंय. यो तुमच्या मागच्यात टाका, पुन्हा आपला माल तुमच्याच गाडीत. माजा शबूद."

जमलेल्यांनी माना हलवल्या. इतका स्वच्छ पुरावा समोर असताना कोण काय बोलणार? कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री तेवढा पान थुंकून म्हणाला, "पंढरीसेठ, ये मशीन का तेल है, गाडी का नहीं." पण कोणी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि त्यानेही लगेच खांदे उडवले. "आपकी गाडी है, आपकी मर्जी. नट खोलूँ?"

पंढरी माझ्याकडे बघत होता. मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं नाकाने पारखून तेल घेणारा माणूस, त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणू? पण एका बाजूला मी होतो, आणि दुसऱ्या बाजूला ओवाळणीचं ताट धरून बसलेली हौसा. शिवाय तो धुतलेला तुकडा उन्हात इतका पांढरा दिसत होता की क्षणभर त्यालाही वाटलं असेल, कोण जाणे, चालेलही.

"खोल," तो म्हणाला.

माझं तेल मिस्त्रीच्या डब्यात वाहून गेलं. त्या जागी जे आलं ते थंड होतं आणि त्याला कसलाच वास नव्हता.

भाऊबीजेला काळूराम आला. नवा सदरा घालून, बहिणीला साडी घेऊन. हौसाने कोलंबी केली होती, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. ओवाळताना तिचे डोळे भरून आले ते मी अंगणातून पाहिलं. पंढरीने हात धुतले आणि त्याच्या हाताला वास नव्हता. हौसाच्या ते लक्षात आलं आणि ती खूश झाली. आनंदाचा दिवस होता, खोटं कशाला बोलू? फक्त त्या घरात कोणाला ऐकू येत नव्हतं की माझ्या पोटात दात दाताला सोलायला लागला आहे.

आधी बारीक गुणगुण सुरू झाली. मग चढावर गाडी घातली की लांब, रडका आवाज. पंढरीचा तळहात माझ्या पोटावर टेकायचा आणि चटका बसून मागे जायचा. एकदा त्याने खालचा नट थोडा सैल करून बोटावर तेल घेतलं आणि उन्हात धरलं. त्यात बारीक चमकी होती, जत्रेतल्या टिकल्यांवर असते तशी. ती चमकी म्हणजे माझे दात होते. त्याने बोट चड्डीला पुसलं आणि नट पुन्हा आवळला.

"अवो, गाडी रडतं कं?" हौसाने विचारलं.

"रस्त्याचा आवाज हाय," तो म्हणाला. त्यानंतर तो गाडीत टेप मोठ्याने लावू लागला.

पुढच्याच आठवड्यात तो अंजूरफाट्याला गेला आणि योग्य तेलाचा डबा घेऊन आला. झाकण उघडून हुंगलं, बोटांत चोळलं, सगळं पूर्वीसारखं. मला वाटलं, सुटलो. पण त्याने डबा सीटखाली सरकवला. कारण दारात गाडी उभी राहिली की काळूराम आता न चुकता माझ्याखाली ग्रेचा तुकडा पसरत असे. ते पातळ तेल नव्या सीलमधूनही झिरपायचंच. तो तुकडा उचलून तिथल्या तिथे धुवायचा आणि सगळ्यांना दाखवायचा, "बगा, आमच्या दाजींची गाडी! गलली तरी डाग न्हाय!" त्याच्या या अभिमानापुढे पंढरी काय सांगणार? त्यातून काळूरामची मुलगी रीमा हिचं लग्न ठरलं. हौसा तिची आत्या, हळदीला तिचा मान. "यवढा रीमाचा लगीन पार पडू दे, मंग टाकतू," पंढरी माझ्या शेजारी बसून पुटपुटला. तो माझ्याशीच बोलत होता. दुसरं कोण होतं तिथे?

मित्रांनो, लोखंडाला वाट बघता येत नाही. लग्नाच्या काही दिवस आधी, भर दुपारी, काळूरामचाच माल भरून आम्ही कशेळीच्या पुलाचा चढ चढत होतो. पुढे रांग, मागे रांग. थांबून पुन्हा उचल घेताना पिनियनचा एक दात गेला. तो क्राउनच्या मध्ये सापडला, मग त्याचे दात गेले, आणि तुटलेला तुकडा माझं पोट फाडून बाहेर पडला. आवाज असा झाला की पलीकडच्या गाडीतला माणूस खाली वाकला. नंतर नुसते हॉर्न. पंढरी खाली उतरला, माझ्याकडे वाकला आणि सवयीने हात पुढे केला. मग तो हात त्याने तसाच हवेत थांबवला.

काळूराम स्कूटरवरून धावत आला. दुसरी गाडी बोलावून गठ्ठे तिच्यात चढवले. प्रत्येक गठ्ठा फिरवून फिरवून बघितला. माझं उरलंसुरलं तेल पुलावर पसरलं होतं आणि दोन गठ्ठे त्यात टेकले होते. त्याने तिथेच बाटलीतलं पाणी ओतून कोपरा चोळला आणि त्याचा चेहरा उजळला.

"येक डाग न्हाय, दाजी!" तो पंढरीचा खांदा हलवत म्हणाला. "बगा! येक डाग न्हाय!"

तो मनापासून खूश होता. दाजी शब्दाला जागले म्हणून खूश होता. पंढरीही हसला. तसं हसणं मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. माझं पोट सांधण्याच्या पलीकडे गेलं होतं आणि दुसरा एक्सल आणण्याची पंढरीची ऐपत नव्हती. काळूरामने बिचाऱ्याने चार ठिकाणी शब्द टाकला, पण माल थांबत नाही, तो दुसऱ्या गाड्यांकडे वळला. पंढरीने त्याला तेलाबद्दल कधीच काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? दात परत आले नसते, भाऊबीज मात्र पुन्हा गेली असती. ट्रक अंगणात उभा राहिला, मग तुकड्या तुकड्यांनी भंगारात गेला. माझे दोन्ही हात गॅसने कापून नेले. आणि एके सकाळी पंढरी निळा गणवेश घालून घरातून निघाला. हौसाने त्याला डबा दिला. ती दारात उभी राहिली.

फाटकाच्या दांड्याला वजन हवं होतं. भंगाराच्या ढिगाशी माणसं काय काय उचलून बघत होती. पंढरीने मला बघितलं आणि म्हणाला, "यो द्या. यो मना माहीत हाय."

तर असे आम्ही दोघं इथे आलो. ज्या जागी न येण्यासाठी त्याने ट्रक घेतला, त्याच जागी. काळूरामचा माल घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या येतात, पंढरी मला खाली दाबतो, गाडी आत जाते. ड्रायव्हर हात करतो आणि पंढरी सलाम करतो.

एका दुपारी फाटकावर कोणी नव्हतं. पंढरीने पिशवीतून एक डबा काढला. मी लगेच ओळखला. सीटखालचाच. ट्रक विकताना त्याने तेवढा ठेवून घेतला होता. त्याने झाकण उघडलं, हुंगलं, बोटांत चोळलं. नाकात झोंबलं असणार, कारण डोळे पुसले. मग माझ्या पोटाच्या तेल घालायच्या जुन्या छिद्रात त्याने ते हळूहळू, एकही थेंब बाहेर न सांडता, सगळं ओतलं. किती काळाने तो वास आला, मित्रांनो! क्षणभर मला वाटलं, आता फिरेन. पण फिरायला आत काही शिल्लक नव्हतं. जिथून तो तुकडा बाहेर पडला होता, त्या फटीतून सगळं तेल खाली वाहून गेलं. पंढरीने तळहात माझ्या पोटावर ठेवला. मी थंड होतो.

तुम्हाला काही सांगावं असं मला वाटतं, पण मोठ्यांनी ऐकलं नाही ते तुम्ही ऐकाल याचा भरवसा मला नाही. तरी सांगतो. तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, म्हातारं माणूस असेल. त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. आपल्याकडे जे आहे, आपल्याला जे स्वच्छ दिसतं, ते त्याच्या गळ्यात घालू नका. आणि ठाऊक असेल ते वेळेवर बोला. सगळे खूश आहेत म्हणून गप्प बसलात, तर आतला आवाज तुमच्याशिवाय कोणालाच ऐकू येत नाही.

सुपरवायझर त्या दिवशी फार चिडला. कोऱ्या लादीवर एवढा मोठा काळा डाग! पंढरीने साबण लावला, ब्रशने घासलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या. डाग गेला नाही. आता तो त्याच्यावर खुर्ची टाकून बसतो.